लढाई सेहेचाळीसपर्यंत चालली असती तर

१ नोव्हेंबर, शनि.
सुपारी सोलून झाली नाही. सौ.ने दोनदा आठवण केली, मी दोनदा हो म्हटलं. संध्याकाळी वाचनालयात गेलो आणि तिथे मास्तरशी भांडण. (पुढे मा. एवढंच लिहीन, बोटं दुखतात.) त्याने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवरचं जाडजूड पुस्तक संपवलंय. म्हणे युद्ध आणखी दोन वर्षं लांबलं असतं तर आकाश जर्मनांच्या जेटचं होतं. त्या जेटचं नाव टू-सिक्स-टू. त्याला हात लावणारं कुणी नव्हतं.

मी तेहतीस वर्षं डेपोत इंजिनं उघडली आहेत. जन्मभर भूगोल शिकवणाऱ्याने मला इंजिन शिकवू नये. सांगितलं, त्या जेटचं इंजिन वीस-पंचवीस तासांत बाद व्हायचं. आकाशात कोण जोरात पळतं ते नंतर, सकाळी चालू कोण होतं ते आधी. अमेरिकेचं मस्टँग बघ. साधं पंख्याचं विमान, पण इंग्लंडहून निघून बर्लिनवर लढून परत यायचं.

मा. लालबुंद. "दत्ता, तुला मान्य करायला लावल्याशिवाय मी पुण्याला जायचा नाही!"

अकरा माणसं होती, वर ग्रंथपाल बाई. सगळ्यांनी ऐकलं.

तो पुण्याला जाणार आहे हे मला तेव्हा कळलं.

२ नोव्हेंबर, रवि.
सौ.ला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याची मुलगी मंजू त्याला कायमचा नेतेय. वहिनी गेल्यापासून चार वर्षं एकटाच. श्रावणात मोरीत पडला, दूधवाला येईपर्यंत तसाच. मला म्हणाला होता, पाय मुरगळला.

सौ. म्हणाली, "मग हो म्हणून टाका की. सुखाने जाऊ देत त्यांना."
मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि परत बांगडे साफ करायला लागली.

मला तो जायला नको आहे. एवढंच तत्त्व.

५ नोव्हेंबर, बुध.
मा.च्या ओटीवर तीन तास. युद्ध ४६च्या मेपर्यंत नेलं. तो म्हणतो तोवर जर्मनांनी चांगलं इंजिन बनवलं असतं. मी विचारलं, उष्णता सोसणारा धातू कुठून आणणार होते, बोरलीच्या बाजारातून? तो म्हणतो युद्ध लांबलं याचाच अर्थ खाणी त्यांच्या हातात राहिल्या. मास्तर लोकांना काहीही गृहीत धरता येतं.

मग ओटीवर सुपाऱ्या मांडून त्याने विमानतळ दाखवले. बोलता बोलता मी हँबर्ग कातरून खाल्लं. त्यावर वेगळं भांडण.

निघताना म्हणाला, "उद्या लवकर ये, धावपट्ट्यांचा विषय राहिलाय." चेहरा कसा टवटवीत. श्रावणानंतर इतका बोलताना बघितला नव्हता.

८ नोव्हेंबर, शनि.
इथे लिहायला हरकत नाही, सौ. ही वही वाचत नाही. ४६मध्ये मस्टँग संपलं असतं. मा.च्या जेटने नव्हे, अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या स्वतःच्या जेटनी. कसंही धरा, पंख्याचे दिवस भरले होते. चाळीस वर्षांपूर्वी मीच जुनी पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवताना म्हाताऱ्या मेकॅनिकांची थट्टा केली होती.

पण हे मा.ला सांगितलं की त्याची बॅग भरली.

आज युद्ध ४७च्या गणपतीपर्यंत नेलं. पेट्रोल कुठून आणलं विचारू नये. मा.नेही विचारलं नाही, हे जरा विचित्रच.

९ नोव्हेंबर, रवि.
मंजूचा फोन. "दत्ताकाका, एक हो म्हणा ना. इथे त्यांची खोली तयार आहे. विमानासाठी अडून बसलेत असं ऑफिसात कुणाला सांगू?"
बघतो म्हटलं. ती लहान असताना तिची सायकल मीच दुरुस्त करायचो. लाज वाटली.

वाचनालयवालेही कंटाळलेत. वर्तमानपत्र वाचू देत नाही म्हणे आम्ही. कुणीतरी म्हणालं, गावदेवीला कौल लावा आणि मिटवा एकदाचं. मा. विज्ञानवाला, नाही म्हणेल असं वाटलं. लगेच हो म्हणाला. मग मला कसं नाही म्हणता येईल?

११ नोव्हेंबर, मंगळ.
कौल. देवळात पंचवीस-तीस माणसं, लग्नाच्या कौलालासुद्धा इतकी नसतात.

गोपाळ गुरव म्हणाला, देवीच्या उजव्या खांद्यावर एक पाकळी, डाव्यावर एक, जी आधी पडंल ती खरी. उजवी बाजू कुणाची यावर अर्धा तास. उजवा कौल शुभ, म्हणून दोघांनाही उजवी हवी. शेवटी मस्टँग बर्लिनच्या पश्चिमेहून येतं वगैरे सांगून मी मिळवली. देवीचं तोंड कुठे आहे हे कुणी तपासलं नाही.

मग गोपाळच अडला. "लढाई संपली कदी?"
"पंचेचाळीसला."
"मंग आता काय इचारताव?"
"संपली नसती तर, असं विचारायचंय."
"घडलंय ते आई सांगते, घडणार हाय तेबी सांगते. घडलंच न्हाय ते कुटनं सांगंल?"
तरी बिचाऱ्याने गाऱ्हाणं घातलं. "आई, ह्या दोन म्हाताऱ्यांचा वाद मिटव. इमानं परदेशी हायत, पर ही दोगं तुजीच लेकरं हायत."

पाच मिनिटं झाली, मा. म्हणाला पंख्याचा वारा डावीकडून येतोय, म्हणजे त्याची पाकळी दाबून बसतेय. पंखा बंद. सगळे घामाघूम. पाऊण तास, दीड तास. एकही पाकळी हलली नाही. मी हात जोडून उभा होतो. लोकांना वाटलं मस्टँगसाठी. मी म्हणत होतो, आई, पाडू नकोस. एकही पाडू नकोस.

नाहीच पडली. गोपाळने जाहीर केलं, "आईच्या मनात अजून न्हाय. कौल अर्दा ऱ्हायला की मागणाऱ्यानं गावाची शीव ओलांडायची न्हाय." हा नियम मी सत्तर वर्षांत प्रथमच ऐकला.

घरी येऊन सौ.ला म्हटलं, देवी आहे हो. ती म्हणाली, आज कळलं?

१२ नोव्हेंबर, बुध.
सकाळी नारळ द्यायला देवळात गेलो. गोपाळ एकटाच होता. इकडे तिकडे बघून म्हणाला, "दत्ताभाऊ, पाकळ्या पान्यानं चिकटवत्यात. मी गंधानं चिकटवल्या. दाट गंध." मी म्हटलं, का रे? "मास्तर गेला तर नवरात्रात पोथी कोन वाचंल? मला वाचता येतं व्हय? आईला आदी सांगितलंवतं मी. ती काय बोलली न्हाय."

पाकळ्या काढायला त्याला कोमट पाणी लागलं.

नारळ दिला तो दिलाच.

१५ नोव्हेंबर, शनि.
मंजू आली, गाडी घेऊन. देवळाच्या नियमावर हसली, मग मला वाडीत बाजूला नेलं. म्हणाली, "काका, गुरुवारी सकाळी बाबांना परत चक्कर आली. विहिरीपाशी. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला."

गुरुवारी दुपारी तर आम्ही धावपट्ट्यांवर वाद घालत होतो. भिंतीला टेकून बसला होता. मी समजलो, मुद्दा सुचत नाहीये.

विहिरीपाशी. काठ मुळात बुटका.

दुपारभर सुपारी सोलली. सौ.नेही समोर बसून सोलली. मग मीच म्हटलं, उद्या हो म्हणून येतो. ती म्हणाली, शर्ट बदलून जा.

१६ नोव्हेंबर, रवि.
नऊला गेलो. ओटीवर दोन बॅगा. मंजू गाडीच्या डिकीत पुस्तकं लावत होती. मा. इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीत. मी रस्ताभर वाक्य जुळवलं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला,

"दत्ता, तुझं खरं. मस्टँगच. माझा हट्ट होता."

मी म्हटलं, छे, टू-सिक्स-टू. मी तेच सांगायला आलोय.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस."
"आणि तू?"
"मी पुस्तक परत वाचलं. धावपट्टीवर उतरणारी कितीतरी जेट तुझ्या मस्टँगने टिपली."
मी म्हटलं, ४६मध्ये जर्मनांनी वेगळी युक्ती केली असती. तो म्हणाला, इंजिन वीस तासांचं, युक्ती काय करतोस? माझंच वाक्य, मलाच. मी म्हटलं, धातू मिळाला असता. "कुठून, बोरलीच्या बाजारातून?"

आवाज चढले. मी त्याला जिंकवू बघतोय आणि तो मला. लबाडी करतोय म्हणून दोघेही खरोखर चिडलेले. समोरचा राम्या सायकल थांबवून बघायला लागला.

मंजू आत आली. "बाबा, संपलं ना? मान्य केलं ना काकांनी?"
मा. म्हणाला, "कुठलं मान्य करतोय! हटवादी आहे पहिल्यापासून."

मग त्याचा आवाज एकदम खाली आला. मला म्हणाला, "तू हरू नकोस रे. तिथे कुणाशी भांडू मी?"

मी नाक शिंकरलं.

मंजूने हातातली पुस्तकं परत ओटीवर ठेवली. मग विचारलं, "काका, विहिरीला कठडा घालायला किती दिवस लागतात?"

आठ म्हणालो. चार पुरतात.