सगळे फार चांगले आहेत

पुणे

प्रिय आई,

तुझ्या एंजेलाचा सलाम. मी मजेत आहे. बाबा फोन स्पीकरवर ठेवतात, म्हणून हे पत्र.

माझी फी भरणारा कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ मला फार जपतो. त्यातल्या पाठक मॅडम दर रविवारी घरी नेऊन शिकवतात, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. तरीही इंजिनिअरिंग झेपत नाही गं. भांडून निघून यावं, तर इथे वाईट कोणीच नाही.

परदेशातले माजी विद्यार्थी नाताळातच येतात, म्हणून मेळावा तेव्हाच. संघामुळे मी कशी घडले, हे मी स्टेजवर सांगायचंय. बॅनरवर माझा फोटोही लागलाय.

श्रीरामपूरला थंडी पडली का? यंदा करंज्या माझ्याशिवाय तळ.

सत्कारासाठी ते तुलाही बोलावतील. येऊ नकोस. तू समोर दिसलीस, तर मला खोटं बोलता येणार नाही.

तुझीच,
एंजेला