आयोवामार्गे व्हाइट हाउस

३ नोव्हेंबर, सकाळी ७
आज राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिलो. बावीस वर्षं रेडिओवर रोज तीन तास सांगतोय, सरकार माजलंय, कर कमी करा. श्रोते फोनवर म्हणतात, एल्डन, आता तूच उभा राहा. आज्ञा शिरोधार्य. निवडणूक होईपर्यंत कार्यक्रम तात्पुरता स्टेशनवरच्या रस्टीकडे. बायको मार्लिस म्हणाली, फोन करणारे सगळे टेक्सासचे, पक्षाच्या उमेदवारीची मतं पहिली आपल्या आयोवात पडणार, इथे तुला ऐकतं कोण? दुर्लक्ष केलं.
संकल्प: वजन घटवणे. नम्रता (कॅमेऱ्यापुरती).

२१ नोव्हेंबर
गावातल्या डायनरमध्ये सभा. श्रोते चौदा, पैकी सहा पोर्क सँडविचसाठी आलेले. एका म्हातारीनं विचारलं, आपल्या शेतकऱ्यांच्या मक्याच्या इंधनाचं अनुदान बंद करणार म्हणे तू? अर्थात, म्हटलं, फुकटचं काही नको! ती म्हणाली, मग फुकटचा सल्लाही नको, आणि बोलतच राहिली. स्टुडिओत अशांचा फोन तोडायला बटण असतं. माझा अंगठा टेबल दाबत होता. प्रचारप्रमुख कर्टिस कानात म्हणाला, सर, ती जाणार नाही, तिचंच हॉटेल आहे.

८ डिसेंबर
मतदार-पाहणीत मला एक टक्का. चुकीला वाव चार टक्के. म्हणजे मी पाचावरही असू शकतो. कर्टिस म्हणाला, उणे तीनवरही असू शकता. या माणसात श्रद्धेचा अभाव आहे.
स्टेशन मॅनेजरचा फोन. रस्टीचे श्रोते वाढलेत. आयोवात पहिल्या तिघांत आलास तर परत ये, नाहीतर कार्यक्रम त्याचाच. मी म्हटलं, मी परत येणार नाही, मी वॉशिंग्टनला जाणार.

२ जानेवारी
कर्टिस दुसऱ्या उमेदवाराकडे गेला. पत्रकात लिहिलं: प्रचारयंत्रणा सुटसुटीत केली.
वजन: तीन पौंड वाढ. डायनर हे लोकशाहीचं देणं.

२० जानेवारी, रात्री ९
पक्षाची आमच्या भागातली मतदानाची सभा शाळेच्या जिममध्ये. रीत जुनी: प्रत्येक उमेदवाराची बाजू कुणीतरी दोन मिनिटं मांडायची, मग शेजाऱ्यांनी कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहायचं. माझी बाजू मीच मांडली. अप्रतिम बोललो. आवाज चढवत नेला: या देशाला वाचवायचा उपाय एकच, आणि तो… जाहिरातीनंतर!
सवय. वर मी विरामही घेतला. सुंदर विराम. सभेचा अध्यक्ष, आमचा शेजारी ऑर्व्हिल, म्हणाला, वेळ संपली एल्डन, बस खाली.
चिठ्ठ्या सत्त्याऐंशी. मला दोन. एक माझी. दुसरीबद्दल मार्लिसला विचारलं, तर म्हणते, मतदान गुप्त असतं.
बाकी राज्यातही हीच तऱ्हा. हा पराभव नव्हे, आयोवाचा गैरसमज आहे.
निकाल लागताच लोक कोट घालून पळू लागले, कारण पुढचा विषय होता पक्षाचा स्थानिक समिती-सदस्य निवडणं. दोन वर्षांचं काम, कुणालाच नको असतं. मी टोपी शोधत राहिलो. मागून कुणीतरी ओरडलं, आपला एल्डन आहे की! आता मोकळाच आहे! अनुमोदन मार्लिसचं. सगळे हात वर.

२१ जानेवारी, सकाळी ८
स्टेशनवरून फोन. कार्यक्रम कायमचा रस्टीला. म्हटलं, खुशाल द्या, मला वेळ नाही. मी आता लोकनियुक्त आहे. तेही एकमतानं. रस्टीला कधी कुणी हात वर करून निवडलंय?
शाळेच्या शिपायाचा निरोप आहे: बास्केटबॉलचा सराव सुरू व्हायच्या आत जिममधल्या घडीच्या खुर्च्या उचला. समिती-सदस्याचं काम आहे ते. एकशे वीस आहेत.