पुढच्या शाफ्टचा आवाज

२४ सप्टेंबर, बुधवार
संध्याकाळी दादाने कंपनीच्या फाट्यावरून घेतलं. गाडी गल्लीत वळली तेव्हा ऐकू आलं. चिक, चिक, चिक. खालून. कोरडा आवाज. हळू चाललो की सुटा सुटा, वेग वाढला की सलग.
दादा : "पोळ्यापासून हाये वं. गाणे लावले का येत नाही ऐकू."
घरचा जुना फोर-व्हील पिकअप. कागदावर बाबांचा, हातात दादाच्या. मागच्या हौदात रोज विजेच्या टॉवरलाइनचे मजूर : नंदनवन ते मौद्याच्या पुढची पांदण, म्हणजे शेतातली कच्ची वाट, आणि परत. घर त्यावर चालतं. मी कंपनीत दिवसभर गिअरबॉक्सचे सुटे भाग तपासते आणि घरी हे.
बाबा जेवताना म्हणाले, "पट्टा असन." बघितलं नव्हतं. तरी पट्टा.

२५ सप्टेंबर
सकाळी दादाला रिंग रोडवर नेलं. चालत्या गाडीत क्लच दाबायला लावला, मग न्यूट्रल. इंजिनचा वेग उतरला, आवाज तसाच. म्हणजे इंजिन नाही, इंजिनवरचा पट्टाही नाही. चाकांबरोबर फिरणारं काहीतरी. मागच्या शाफ्टचा क्रॉस हाताने किंचित हलला. (शाफ्ट म्हणजे इंजिनची ओढ चाकांच्या एक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडा, क्रॉस म्हणजे त्याच्या टोकाचा जॉइंट. गॅरेजमध्ये सगळे हेच म्हणतात.) तो बदलायला सांगितला.

२७ सप्टेंबर
मागचा क्रॉस बदलला. आवाज आहेच.
गजूभाऊ बाबांचा मेकॅनिक. बाबा इतकी वर्षं दुसऱ्याकडे गेले नाहीत. तोंडात खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा तोबरा गालात सरकवून बोलतो : "मॅडमनं सांगतलं, म्या बदलला. आता मॅडमले इचारा." पोरं हसली, बाबाही हसले. मग तो चाकाशेजारी थुंकला.
चूक माझी. गाडी टू-व्हीलवर होती, म्हणजे ओढ फक्त मागच्या चाकांना, म्हणून पुढचा शाफ्ट फिरत नसणार असं धरलं. तपासला नाही. धरून चालायचं नसतं.

२८ सप्टेंबर, रविवार
पुढची दोन्ही चाकं जॅकवर. मागच्या चाकांना अडवणीचे दगड. लिव्हर टू-व्हीलमध्ये. चाक हाताने फिरवलं आणि पुढचा शाफ्टही फिरला. फिरायला नको होता.
पुढच्या चाकांच्या मध्यभागी हबचे खटके असतात. ते सोडले की शाफ्ट चाकांपासून सुटतो, नुसता पडून राहतो. आमचे दोन्ही खटके लॉकवर, गंजून जाम. पकडीने हलेनात.
दादाला विचारलं. तो मोकळेपणाने सांगतो, "मीच करून ठेवलं ना. चिखलात कोन खाली उतरून फिरवीन? एकडाव लॉक केलं का झंझट नाही."
म्हणजे डांबरी रस्त्यावरही हा शाफ्ट रोज फिरत आलाय. ग्रीस कधी कोणी दिलं, आठवत नाही कोणाला.
एक्सलकडचा क्रॉस : टोपीच्या कडेला तांबूस भुकटी. आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून झिजतात त्याची. शाफ्ट दोन्ही हातांनी पिळला तर टक् लागतं. मोकळा खेळ. हेच.
बाबांना बोलावलं. ते वाकले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "लाल काय? खर्र्याचं असन. पोरं थुकतेत."
हे टोक चालताना सुटलं तर शाफ्ट खाली पडून रस्त्यात रुतेल आणि गाडी त्यावर उचलली जाईल. हौदात बसायला बाक आहे. धरायला काही नाही. हे मी बाबांना याच शब्दांत सांगितलं.
"अशुभ नको बोलू वं घरात."

३० सप्टेंबर
गजूभाऊने बघितलं. बघितलं म्हणजे शाफ्टला पायाने धक्का दिला, चपलेसकट. "इतकं चालते, ताई. जुन्या गाडीले इतकं ढिल्लं पाहिजेच. टाइट केली का तुटते."
मी म्हटलं, कुठल्या हिशोबाने?
"हिशोब तुमच्या कंपनीत. इथं गाड्या चालतात."
बाबा मान हलवत होते. त्याला नाही, मला. गप्प बस अशी.
गाडी दसऱ्याच्या धुलाईला तिथेच सोडून आलो. येताना बाबा एवढंच म्हणाले, "त्याच्यासमोर असं नको बोलत जाऊ. चांगलं नाही दिसत."

२ ऑक्टोबर, दसरा
गाडी सकाळी आली. खालून पूर्ण काळी. चॅसिस, एक्सल, शाफ्ट, क्रॉस, सगळ्यावर ब्रशने रंग. ग्रीस भरायचं निपलही रंगात बुजलं. लाल भुकटी धुऊन गेली. आता कोणाला काय दाखवणार.
बंपरला झेंडूचा हार. बाबा खूश. "पाय, नवरीवानी दिसून राहिली!" पाहिजे तर वाका आणि खालून बघा म्हटलं, या वेळी वाकलेसुद्धा. काळी चमक बघून समाधानाने उठले.
मी टॉर्च घेऊन आत गेले. नव्या साडीचा काठ चिखलात. आई ओरडली.
एक्सलकडच्या क्रॉसवर, टोपीभोवती, ताज्या रंगाला केसासारखी गोल चीर. आतून धातू चमकतो. बाकी कुठेही चीर नाही. गॅरेज ते घर, एवढ्याच रस्त्यात. जिथे हलायला नको तिथे हलतंय, म्हणून रंग तुटला. याहून स्वच्छ पुरावा मला कंपनीतही मिळत नाही.
बाबांना दाखवलं. "रंग कच्चा असन."
हत्यारं, पाने काढते, शाफ्ट आत्ता उतरवते म्हटलं. तर पाने नवमीला पुजलेले, हळदकुंकू लावून पाटावर. आज उचलायचे नाहीत. दादाही, "उद्या पाहू ना वं, आज सोनं वाट." चाकाखाली नारळ ठेवला आणि गाडी पुढे घेतली. चिक, चिक, टाळ्या, चिक.
 

३ ऑक्टोबर
पाने पाटावरून उठले, पण गाडी पहाटेच गेली होती. कंपनीतून येताना नवा क्रॉस आणला. दुकानदार माझ्या खांद्यावरून मागे बघत होता, पुरुष कोण आलाय सोबत म्हणून. बसवणार कोण, विचारलं. मीच, म्हटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार
दादा अंधार पडल्यावर आला. मी म्हटलं, उद्याचा रविवार दे, बसवते.
"उद्या लाइनचा करंट बंद ठेवून राहिले, उद्याच तं खरं काम हाये. सोमवारी पक्कं."
मी म्हटलं, मग पुढचा शाफ्ट उतरवून जा. टू-व्हीलवर जाईल. बोल्ट काढायचे, बस.
तो विचार करत होता. खरंच करत होता. गाडीकडे बघून हळूच म्हणाला, "लय खराब हाये का?" मी हो म्हटलं. तेवढ्यात बाबा : "अन् पांदणीत फसली तं? मजुरायले कोन काढीन, तू? कंत्राट फोर-व्हीलचं हाये."
हा मुद्दा बरोबर आहे. बाबांचा गेल्या दहा दिवसांतला एकच बरोबर मुद्दा, आणि नेमका इथे. पांदण अजून ओली आहे.
दादा : "एक दिवस वं. हळू चालवतो."
हळू म्हणजे किती, ते लिहून मागायला हवं होतं. भांडले नाही. आवाज चढवला की माझं म्हणणं राहतं बाजूला आणि माझा आवाज हाच विषय होतो.

५ ऑक्टोबर, रविवार
घाईत लिहिते.
आत्ता दादाचा फोन. मौद्याच्या अलीकडे चहाला थांबलेत. मागे मजुरांचं हसणं. "काय वं इंजिनेर! आवाज बंद झाला! सकाळपासून एक चिक नाही. गजूभाऊचा रंग कामी आला बघ."
मी म्हटलं, दादा, तिथंच थांब, गाडी हलवू नको.
"बरं बरं, तुही हाजरी संध्याकाळी घेतो." हसला. ठेवला.
रंगाने आवाज जात नाही. आतल्या सुया कोरड्या घासत होत्या तोवर चिकचिक होती. आवाज गेला, म्हणजे घासायला सुया उरल्या नाहीत. आता टोपीत नुसती भुकटी आहे. यानंतर जो आवाज येईल तो एकदाच येईल.
बाबांना सांगितलं. ते आनंदाने गजूभाऊला फोन लावत होते. "पोरगी आता आवाज नाही म्हून घाबरून राहिली," असं त्यालाच सांगितलं. तिकडून हसणं मला इथपर्यंत ऐकू आलं. याला काय म्हणतात मला माहीत नाही. माणसाबद्दल इतकी किळस येऊ शकते, आणि तो आपला बाप असतो.
जॅक, पाने, नवा क्रॉस स्कूटरच्या डिकीत. आई काही न विचारता डिकी दाबून धरत होती, बंद होईना. पांदणीच्या आधी गाठता येईल, तो चहावर रेंगाळला तर.
निघायच्या आधी दादाला परत फोन लावला. वाजतोय. पुन्हा लावला.
उचलत नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्याला मीच भांडून भांडून शिकवलं.