हौद उपसण्याआधी

हॉलंड,
दि. १२ मार्च १९९६

तीर्थरूप आबांस,
नितीनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

जयमालाचं जमल्याची बातमी मिळाली. नवरा मुलगा केडगावचा आणि तोही शिक्षक, म्हणजे बोलण्यात तिला हरवणारा भेटला म्हणायचा. मेअखेरीस माझ्या परीक्षा आहेत, त्यामुळे लग्नाला येणं जमणार नाही. एकुलत्या बहिणीचं लग्न चुकतंय याचं फार वाईट वाटतं.

शाश्वत ऊर्जा व्यवस्थापन असं भारदस्त नाव असलेल्या या पदवीत आम्ही शिकतो काय, तर वारा, ऊन आणि शेण. कॉलेजात असताना मी बांधलेल्या आपल्या गोबरगॅसचा फोटो वर्गात दाखवला. सर खूश झाले.

गॅस कमी येतो असं तुम्ही कळवलंत. तळाशी गाळ बसला असणार. लग्नाच्या महिनाभर आधी वरची लोखंडी टाकी उचलून बाजूला ठेवा, हौद उपसा आणि उरलेला गाळ कोणीतरी आत उतरून फावड्याने काढा. मग ताजं शेण भरलं की लग्नाचा चहा तरी गॅसवरच होईल.

आईस नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
नितीन


पिंपळमळा, ता. नेवासा,
दि. २९ मार्च १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. हौदाचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. सहादेवकाका गडी लावू म्हणाले, तर आबांनी त्यांना ऐकवलं की हौद माझ्या लेकानं बांधलाय, त्यात मीच उतरनार, दुसऱ्याचं काम न्हाई. तेव्हापासून फावड्याला नवा दांडा बसवणं चालू आहे.

तुझ्या पाकिटावरच्या तिकिटांचा पोस्टमन छगनभाऊंना नाद लागला आहे. दर वेळी मी कापून देते.

गेल्या आठवड्यात राहुरीचे मावसआजोबा वारले. कोपरा फाडलेलं कार्ड आलं. आईने ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मी अंगणात उभ्यानेच वाचलं आणि तिथेच फाडून टाकलं. लग्नघरात आता असलं पुन्हा काही यायला नको, असं ती येताजाता म्हणते. तू कोपरे सांभाळून पत्र पाठव बाबा, नाहीतर तुलाही अंगणात उभं करेल.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो वाढवावास.

तुझी,
जयमाला


हॉलंड,
दि. १३ एप्रिल १९९६

चि. जयमाला हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मिळताच हातातलं काम टाकून आबांना वाचून दाखव. हौदात कोणीही उतरायचं नाही.

काल आम्हाला इथल्या एका गोठ्यावर नेलं होतं. तिथे असाच हौद आहे आणि त्यावर कवटीचं चित्र. काही वर्षांपूर्वी मालकाचा एक भाऊ रिकाम्या हौदात उतरला आणि तिथेच कोसळला. त्याला काढायला दुसरा भाऊ उतरला. दोघेही गेले. टाकी उचलली तरी विषारी वायू तळाशी साचून राहतो. तो दिसत नाही, आणि थोड्या वेळाने वासही येईनासा होतो. मला हे माहीत नव्हतं. आपला हौद आजवर कधी उपसलाच नव्हता, आणि मी मात्र शहाण्यासारखं लिहून मोकळा झालो. रात्रभर डोळा लागला नाही.

नेवासा फाट्यावरच्या एस.टी.डी. बूथवर फोन लावला. बूथवाल्याला माझं काही ऐकू जाईना, नुसताच हॅलो हॅलो करत राहिला. आबा शेतातली कामं आटोपल्याशिवाय हौदाला हात लावणार नाहीत, म्हणजे मे उजाडेल. तोवर हे पत्र पोचेल असा धीर धरला आहे.

गाळ वरूनच बादलीने काढा. जमलं नाही तर लग्न चुलीवर होऊ द्या. आबांना माझी शपथ घाल.

तुझा,
दादा


पिंपळमळा,
दि. २६ एप्रिल १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज तुझं पत्र आलं आणि घरात गोंधळ उडाला. छगनभाऊ रजेवर आहेत, बदली पोस्टमनने पाकीट आणलं. तिकिटासकट अख्खा कोपराच कापलेला. नादापायी कोणीतरी परस्पर कापून घेतलं असणार हे मी आईला परोपरीने सांगितलं. ती ऐकेना. तिने पाकीट गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलं. परवा रविवारी पहिली पत्रिका नेवाशाच्या देवळात मोहिनीराजापुढे ठेवून येईपर्यंत कोणी फोडायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. वर पोराचंच अक्षर हाय, म्हंजी पोरगं खुशाल हाय, एवढं म्हणून आबांनी विषय मिटवला.

ऊस लवकर तुटला, त्यामुळे यंदा आबा मोकळे आहेत. आज दहा जणांनी टाकी उचलली आणि बराचसा हौद उपसला. उद्या सकाळी आबा आत उतरणार, काका वरून दोर धरणार. दुपारी एक कोंबडी हौदात पडली, ती फडफडलीसुद्धा नाही. आबा म्हणाले, घाणीनं मेली.

शपथ मोडवत नाही, पण तुझ्या पत्राकडे जीव लागून राहिला आहे. उद्या आबा वर आले, त्यांची अंघोळ झाली, की आईची नजर चुकवून त्यांनाच वाचून दाखवीन.

पाकिटाला हळदकुंकू लावून पाठवते आहे. तुझ्यावाचून अडलेली,

जयमाला


हॉलंड,
दि. ८ मे १९९६

तीर्थरूप आबांस,
नितीनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र मी तुम्हालाच लिहितो आहे.

आजच्या टपालात घरची दोन पाकिटं एकदमच आली. दोन्हींवर जयमालाचं अक्षर. हळदकुंकवाचं पाकीट आधी फोडलं आणि वाचलं. ती सकाळ कधीच होऊन गेली आहे. तुम्ही फावडं घेऊन उतरलात का? काकांनी दोर घट्ट धरला होता ना? की त्या कोंबडीवरून तुमच्या मनात काही आलं आणि तुम्ही मागे फिरलात? आबा, आयुष्यात एकदा तरी माझं ऐकायचं नव्हतं.

दुसरं पाकीट पुढ्यात पडलं आहे. ते फोडायचा धीर होत नाही. त्याचाही एक कोपरा नाही. इथल्याही कोणाला तिकिटांचा नाद असेल, असं स्वतःला समजावत मी ते उचललं आणि खिडकीशी नेऊन बघितलं.

कोपरा खालचा फाडलेला आहे. तिकीट जागेवर आहे.

आता ते घेऊन बाहेर जातो आणि उभ्यानेच वाचतो. तोवर तुमचा आशीर्वाद असू द्या.

तुमचा,
नितीन