मंगळ उलटा चालतो तेव्हा

आई, बाबांच्या तेराव्याला आत्या स्वयंपाकघरात सगळ्या बायांसमोर म्हणाली, "मंगळाची पोरगी करू नको म्हनून म्या तवाच सांगतलं होतं भावाले. खाल्लं ना तिनं त्याले!" तू भिंतीला टेकून बसली होतीस. मोर्शीच्या शाळेत पोरांना ग्रहमाला शिकवणारी तू, एक शब्द बोलली नाहीस. मला आत्यापेक्षा तुझाच राग आला.

महिन्याभरानं संध्याकाळी तू मला गच्चीवर नेलंस. पूर्वेला लालसर मंगळ होता. शेजारचा एक तारा दाखवून म्हणालीस, याच्यापासून तो किती सरकतो ते पाहत जा. काही आठवड्यांत तो खरंच मागे गेला आणि मी घाबरले. मग तू परात मांडलीस आणि काढून ठेवलेली एक बांगडी तिच्या काठावरून फिरवत नेलीस. जुन्या लोकांनी पृथ्वी मधोमध धरली, म्हणून मंगळाची ही चाल जुळवायला त्यांना मोठ्या वर्तुळावर असं छोटं वर्तुळ बसवावं लागलं. शेकडो वर्षं तेच गणित. "तो उलटा नाही चालून राहिला," तू म्हणालीस, "आपली पृथ्वी आतल्या वाटेनं त्याच्या पुढं निघून राहिली. म्हणून तसा दिसते."

"मग आत्या काहून तसं म्हणते?"

"तिचा भाऊ गेला, बाई. कोणाच्या तरी माथी मारा लागते."

मला वाटलं, तुला काही लागलेलंच नाही.

पुढे कित्येक वर्षांनी, अकोल्याच्या दवाखान्यात, सलाईनचा हात तू माझ्या मनगटावर ठेवतेस. "खरं सांग, माझ्यापायी तर नाही ना गेले ते?" मी म्हणते, आई, तूच तर शिकवलंस. "शिकवलं ते खरंच आहे. पण इतकी वर्षं ऐकलं ना." आणि तू भिंतीकडे तोंड करतेस. त्या दुखण्यातून तू उठलीच नाहीस.

आता तुझ्या नातीचं जमतंय. मुलगा इथलाच, अमरावतीचा. माणसं बरी आहेत. त्यांनी पत्रिका मागितली तेव्हा पोरगी भडकली. मी तिच्या बाजूनं उभी राहिले, आमच्यात पत्रिका पाहत नाहीत असं ठणकावून सांगितलं. तिनं मला सगळ्यांसमोर मिठी मारली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण तुला सांगायलाच हवं. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी तिची जन्मवेळ घेऊन अकोल्याला एका जोशीबुवांकडे जाऊन आले होते. इथं कोणी ओळखीचं भेटलं असतं. "मंगळ नाही," ते म्हणाले. आई, परतीच्या एसटीत मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.