पुढच्या बाकड्याची डावी कड

१२ जानेवारी २०२५, रविवार

पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून लिहून ठेवतो. आज सकाळी सव्वासात वाजता, भोर मुक्कामी, एका पापभीरू, कर भरणाऱ्या, चोपन्न वर्षांच्या गृहस्थाला स्वतःच्या घरात बूड टेकायला जागा मिळाली नाही. चहा उभ्यानं प्यालो. इतिहासानं याची नोंद घ्यावी, शासनानं दखल घ्यावी, आणि बायकोनं – सुलूनं – निदान बशी तरी द्यावी. दिली नाही. म्हणाली, "हौस तुमची, उभे राहा."

माझ्या खुर्चीत डॅशबोर्ड बसलाय. दिवाणावर मागचं सीट. दारांची चार अस्तरं देवघराला टेकून. आणि पुढचं अख्खं बाकडं हॉलच्या मधोमध – त्यावर आई. ती काही उठत नाही.

अण्णांची, म्हणजे वडिलांची, फियाट आतून सोलून काढली, त्याचा हा प्रसाद. शेहेचाळीस वर्षांची गाडी. अण्णांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून शेडमध्ये उंदरांना बिनभाड्यानं दिलेली. इंजिन गेल्या वर्षी केलं. आता आतलं. बाहेरचा रंग शेवटी, जमला तर. कारण जिच्यासाठी हे सगळं, तिला दिसत नाही. काचबिंदूनं आईचे दोन्ही डोळे नेले. तिच्या हाताला लागेल तेवढीच तिची गाडी.

तिचं मागणं एकच, दिवाळीपासून. "मला मार्गासनीला ने रे. अंबूला बघून येते." अंबूमावशी तिची पाठची बहीण. बाजाराला आली की आमच्याकडे चक्कर टाकायची. दिवाळीत पडली, खुबा मोडला, खाटेवर आहे. मी म्हटलं, नेतो की! पण अण्णांच्या गाडीतून नेतो. थाटात.

"एसटी आहे की," आई म्हणाली.

एसटी! माझी आई!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आई बाकड्यावर बसून तिळगूळ वाटतेय, संस्थानिकासारखी. उजव्या हातात डबा. डावा हात बाकड्याच्या दाराकडच्या कडेला. तिथं रेक्झीनला एक भोक आहे. त्यात बोट घालून बसते.

"उकरू नको ग, वाढतंय."

"वाढायचं तेवढं वाढून झालंय. तेवढं राहू दे तसंच."

"आई, ओरिजिनलमध्ये भोक नसतं."

यावर तिनं डब्याचं झाकण लावलं. मी मनात म्हटलं, जिंकलो.

१६ जानेवारी, गुरुवार

बाकडं टेम्पोत घालून सारोळ्याला नेलं. हायवेवर धनाजीचं दुकान – ट्रकची सीटं, टेम्पोचे हूड, मोटरसायकलींची कव्हरं. दुकानावर लिंबू-मिरची, आत रेक्झीनचे गुंडाळे. माणूस हुशार. बाकडं उलटं करून आत हात घातला आणि म्हणाला, "काथ्या हाय. स्प्रिंगा शाबूत. आता कोण भरतंय असं? समदा फोमचा कारभार."

मग कडेच्या भोकाशी थांबला. अंगठा फिरवला.

"सायेब, ह्ये फाटल्यालं न्हाई. क्येल्यालं हाय."

"म्हणजे?"

"कड बघा की. कशी गुळगुळीत झालीया. वर्सानुवर्सं बोट फिरल्याबिगर अशी कड व्हत न्हाई. कुनाचं हाय त्येला इचारा आदी."

"भोकाची मुलाखत घेऊ म्हणतोस?"

हसला बिचारा. गिऱ्हाईक बोललं की हसायचं, हा धंद्याचा नियम. तिथंच, माझ्यासमोर रेक्झीन उसवायला लावलं.

माझी अट – मी समोर उभा असल्याशिवाय एक टाका घालायचा नाही. ही माणसं लक्ष नसलं की काहीही करतात. आमच्या पतसंस्थेला सुट्टी गुरुवारी. म्हणजे दर गुरुवारी मी सारोळ्यात.

२३ जानेवारी, गुरुवार

सारोळ्याची वीज बंद. दर गुरुवारी असते म्हणे, दिवसभर. धनाजीचं मशीन विजेवर. आम्ही दोघं चहा पीत ट्रक मोजत बसलो.

३० जानेवारी, गुरुवार

वीज नाही. "शुकीरवारी या की सायेब. न्हाईतर माज्यावर सोडा." शुक्रवारी मला कामं असतात, म्हणालो. कुठली, ते आता आठवत नाही. सोडण्याचा तर प्रश्नच नाही.

घरी आलो तर आई जरीकाठी नेसलेली. "कुणाचं लग्न?"

"गुरुवार आहे आज."

काहीतरी व्रत असेल. या वयात धरतात.

४ फेब्रुवारी

शार्दूलचा फोन. हे जुन्या गाड्यांच्या ग्रुपवरचे पुण्याचे महाराज. वय एकतीस, ज्ञान शंभर वर्षांचं. फोटो पाहून म्हणाले, "सर, शेड चुकली. त्या वर्षीचा मरून इतका लाल नव्हता. आणि ॲशट्रे नाहीये तुमच्याकडे. त्याशिवाय इंटीरिअर कम्प्लीट म्हणता येत नाही."

नऊ मीटर रेक्झीन परत. फरक माझ्या खिशातून. ॲशट्रे जुन्या बाजारात मिळाला. अठराशे रुपये. अण्णांनी आयुष्यात विडी ओढली नाही. पण कम्प्लीट म्हणजे कम्प्लीट!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वीज नाही. छताचं कापड आलं, ते काखेत धरून परत आणलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज दीड तास वीज आली. धनाजीनं पाठ शिवली. पायपिंग, म्हणजे कडेचा गोट, एक सूतभर वाकडं. उसवायला लावलं. तो मान खाली घालून उसवत राहिला. मग टाक्यांकडे बघतच म्हणाला, "म्हातारी किती वर्सांची तुमची?"

"त्र्याऐंशी."

"मंग सरळ रेघ कुनासाठी काडताय?"

मी त्याला फूटपट्टी दिली.

रात्री भाताला काय वास! खरा आंबेमोहोर. कुठल्या दुकानचा, विचारलं. "ओळखीतनं आला," सुलू म्हणाली. आई गालात हसत होती. म्हाताऱ्या माणसांना भातही पुरतो हसायला.

२ मार्च, रविवार

लक्षात आलं – आईनं दीड महिन्यात मार्गासनीचं नाव काढलेलं नाही. विसरली बहुतेक. वय आहे. पण मी विसरणाऱ्यातला नाही. पाडव्याला नेणार म्हणजे नेणार.

८ मार्च, शनिवार

साप्ताहिकातलं या वेळचं माझं सदर गाजलं. विषय – जिवंतपणी बापाला तांब्याभर पाणी न देणारे आणि मेल्यावर त्याचा तैलरंगातला फोटो लावणारे चिरंजीव. संपादक म्हणाले, "फर्मास! सोलून काढलंत!" बाजारपेठेत तिघांनी थांबवून हात मिळवले. त्यातल्या दोघांच्या घरी तसे फोटो आहेत.

१३ मार्च, गुरुवार

होळी. वीज नाही, पण सणाचं धनाजीनं घरी जेवायला नेलं. परत आलो तर डब्यात पोळ्या पाच. सकाळी मी स्वतः नऊ मोजल्या होत्या.

"चार कुठं गेल्या?"

"रत्नाच्या पिशवीतनं गेल्या," सुलू म्हणाली, आणि खाली बघून कणीक मळायला लागली. रत्ना म्हणजे आमच्याकडे धुण्याभांड्याला येते ती. विधवा बाई, गरीब आहे, कबूल. पण विचारून न्यावं माणसानं! उद्या डबा मोजायची पाळी. बोललो नाही. पण लक्षात ठेवलंय.

२७ मार्च, गुरुवार

झालं!! सोमवारी गाडी सगळ्या सुट्या भागांसकट सारोळ्याला ओढत नेऊन ठेवली होती. काल रात्री धनाजीनं माझी अट मोडून, माझ्यामागं, चालू विजेत, सात तासांत सगळं उरकलं. दहा आठवड्यांचं काम. सात तासांत. आणि रेघ सरळ.

रागावणार होतो. दार उघडलं आणि राग राहिला नाही. मरून बाकडं ताठ. छत पांढरंशुभ्र, एक सुरकुती नाही. नव्या रेक्झीनचा वास – अण्णांनी पहिल्यांदा गाडी आणली त्या दिवशीचा. ॲशट्रे उघडला, बंद केला. उघडला, बंद केला.

आतल्या बाजूचे एक लाख अडुसष्ट हजार. सुलूला एक लाख सांगितले. "बरं," म्हणाली. ज्या सुरात म्हणाली, त्यावरून तिला खरा आकडा ठाऊक आहे.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

लिहू की नको, असं झालंय. लिहितो.

गुढी उभारून नऊला निघालो. आई पुढं डावीकडे, अण्णांच्या वेळेसारखी. मी सांगितलं नव्हतं कुठं चाललोय. कापूरहोळ गेलं, नसरापूर गेलं. मीच बोलत होतो – छताचं कापड, स्प्रिंगा, शार्दूलनं फोटो पाहून पाठवलेले तीन अंगठे.

विंझर सुटलं. तिचा डावा हात आपणहून बाकड्याच्या कडेला गेला. पायपिंगवरून बोट पुढं गेलं, मागं आलं. परत पुढं.

"बुजवलंस होय."

"सगळंच नवीन केलंय ग. हात तर फिरव! लोणी आहे लोणी."

"लोण्यात बोट घालून काय करू?"

मग बोलली. खिडकीकडे तोंड करून, जसं काही बाहेरचं दिसतंय.

अण्णा दरवर्षी आम्हाला मेंगाईच्या दर्शनाला वेल्ह्याला न्यायचे. मार्गासनी वाटेत. तिथं गाडी एकदाही थांबली नाही. अंबूमावशीच्या लग्नात – माझ्या जन्माआधीची गोष्ट – व्याह्यांच्या गर्दीत अण्णांना फेटा बांधायचा राहून गेला. विसरले लोक. दुसऱ्या दिवशी मावशीचे सासरे फेटा घेऊन भोरला आले, पायरीवर बसून राहिले. अण्णांनी घेतला नाही. वकील माणूस, मान मोठा. त्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, म्हणाले. आपलाही नाही आणि बायकोचाही नाही.

"अंबू रस्त्याला येऊन उभी राहायची. पोराला कडेवर घेऊन. ह्यांना दिसायची, पण ह्यांनी वेग कधी कमी केला नाही. विंझर सुटलं की मी बोट आत घालायची, मार्गासनी मागं पडेस्तोवर काढायची नाही. दाराच्या अंगाला, म्हणजे त्यांना दिसायचं नाही."

"रडायचीस तरी, आई."

"मागं तू असायचास."

मी मागच्या सीटवर असायचो. खिडकीतून तोंड बाहेर काढून. मला फक्त वारा आठवतो.

मार्गासनी आलं. घर मला माहीत नाही. कुणाला तरी विचारावं म्हणून काच खाली घेतली, तर आईच म्हणाली, "दुधाची डेअरी गेली का? मग उजवीकडं घे. सिमेंटचा रस्ता लागंल." ती डेअरी तर वर्षभरापूर्वी बांधलेली दिसत होती. आंधळ्या माणसांचे कान तिखट असतात म्हणतात.

बहिणी गळ्यात पडतील, म्हणून मी रुमाल वरच्या खिशात घेतला होता. मावशी खाटेवरून म्हणाली, "आँ? आज गं कशी? आज गुरवार न्हाई न्हवं?" वारांचा गोंधळ होतोय बिचारीचा. आणि मग दोघी गवारीच्या भावावर बोलत बसल्या. पाऊण तास! रुमालानं मी ॲशट्रे पुसला.

निघताना मावशीनं माझी पाठ थोपटली. "गाडी झ्याक केलीस रं श्रीपाद. तुज्या बापावानीच हायेस."

चांगल्या मनानं म्हणाली. पण परत येताना मला गाडी नीट चालवता येईना.

१ एप्रिल, मंगळवार

धनाजीला फोन केला. उसवलेलं जुनं रेक्झीन आहे का?

"त्ये व्हय? एका ट्रकवाल्यानं न्येलं की. पायपुसनं करायला. लागत व्हतं का?"

नाही, म्हटलं. सहज विचारलं.

अण्णांचा हट्ट मोजायला सोपा – दर वर्षी एक फेरी, एक मार्गासनी. ते गेल्यावरची एकोणीस वर्षं कुणाच्या नावावर लावायची? आणि हे दहा-अकरा आठवडे? सदरासाठी विषय चांगला आहे. लिहिणार नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सारोळ्याला जायचं नव्हतं, म्हणून सकाळी घरी होतो. दहा वाजता आई जरीकाठी नेसून दारात. शेजारी रत्ना, हातात पिशवी.

"कुठं?"

"मार्गासनीला," आई म्हणाली. "गुरुवार आहे."

सोळा जानेवारीपासून अकरा गुरुवार. चेलाडी फाट्याला एसटी बदलून. सुलूला पहिल्या दिवसापासून ठाऊक. होळीच्या चार पोळ्या अंबूमावशीनं खाल्ल्या. आईचा प्रवास पंचाहत्तरच्या वरची म्हणून फुकट. रत्नाचं अर्धं तिकीट, जाऊन-येऊन बहात्तर, तिच्याच कनवटीचे. श्रीपाद देईल, असं आईनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गाडी करत होतास ना."

"काढू का गाडी?"

"नको. एसटी थांबते मार्गासनीला."

स्टँडपर्यंत पिशवी मी धरली. गाडी लागायच्या आधी रत्नाला मागच्या अकरा फेऱ्यांचे आठशे दिले. तिनं बोटांवर हिशेब केला, पदराची गाठ सोडली आणि आठ रुपये परत दिले.

घेतले.