मागून कुणी म्हटलं नाही

गुरुजी,

मागच्या आठवड्यात मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. या वयात, हो. हसू नका. जन्मभर पूर्णेला रेल्वेच्या तिकीट खिडकीमागं बसलो, पण मनातून मी तुमच्यासारखा कविता शिकवणाराच होतो. गंगाखेडच्या एका नव्या शाळेला तासावर मराठी शिकवणारं माणूस पाहिजे असं कळलं, तेव्हा बायको म्हणाली, "जावा एकदाचे. नसता मलाच कविता शिकवत बसताल." इस्त्रीचा सदरा घालून निघालो. गाडीच्या खिडकीतून उसाचा ओला वास येत होता, आणि मी केव्हाच चौथीच्या वर्गात जाऊन बसलो होतो. तुम्ही डोळे मिटून टेबलावर बोटांनी ताल धरताय, बैलांच्या घुंगरांची ती कविता चालीवर म्हणताय. एक ओळ म्हणून थांबताय, आणि मागून आम्ही सगळे तीच ओळ छप्पर उडेल अशा आवाजात उचलतोय. तुम्ही गेल्यावर ती चाल आता माझ्याशिवाय कुणाकडं उरली असेल, असं वाटत नाही. एका तरी वर्गाच्या गळ्यात ती घालावी आणि मग खुशाल डोळे मिटावेत, एवढ्यासाठी निघालो होतो.

समोर संस्थेचे अध्यक्ष होते, माझ्या मुलाच्या वयाचे, आणि मुख्याध्यापिका मॅडम. मॅडम म्हणाल्या, "एखादी कविता शिकवून दाखवा, सर." मला कुणी सर म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी डोळे मिटले, टेबलावर ताल धरला, पहिली ओळ म्हटली आणि थांबलो. खोलीत नुसता पंखा फिरायलाय.

"आजोबा, पुढचं आठवंना का?" अध्यक्षांनी विचारलं.

"आता तुमी म्हणायचं असतं."

"आमी?"

"मागून. सगळ्यांनी."

दोघं हसले. वाईट हसणं नव्हतं ते. अध्यक्ष म्हणाले, "म्हणा की मॅडम, न्हाईतर वर्गाबाहेर उभं करतील!" मॅडम मात्र हळूच म्हणाल्या, "सर, गोड आहे हो. पण आमच्याकडं कवितेला एकच तास असतो. चाल-बिल नको, भावार्थ आणि प्रश्नोत्तरं झाली की बास." मग चहा आला. निघताना "कळवतो" म्हणाले. वेटिंगचं तिकीट हातात देताना मीही लोकांना असंच "होईल, होईल" म्हणायचो.

घरी येऊन बायकोला सांगितलं, त्यांना चालीतलं काही कळत नाही. ती म्हणाली, "लय शिकलेले हायत ना!" आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. तिचा राग माझ्या बाजूचा होता, तो मला मोडवेना. पण येताना गोदावरीच्या पुलावर गाडी सावकाश झाली, तेव्हा मी ती ओळ पुन्हा, ओठातल्या ओठात म्हटली होती. खाली पाणी संथ होतं. पूल संपेपर्यंत मी थांबलो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. मुलाखतीत मी थांबलो ते सवयीनं, हे खरं. पण अध्यक्षांनी विचारलं तेव्हा पुढची ओळ खरंच आठवली नाही, गुरुजी. अजून आठवलेली नाही.